ट्राप कुटुंबाचा गायनवृंद : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ट्राप कुटुंबावरचा 'द साउंड ऑफ म्युझिक' हा हॉलिवूडपट टीव्हीवर लागला की पुढचे आठ दिवस हेच प्रश्न येत राहतात. काही अगदी साधे, काही चांगलेच खोचक. दर वेळी नव्याने उत्तर लिहिण्यापेक्षा एकदा सगळं एका जागी लिहून ठेवलं आहे. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे लागली तर तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ट्राप फॅमिली सिंगर्स म्हणजे नेमके कोण?

ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गजवळ एगेन इथे राहणारं एक कुटुंब. वडील गेओर्ग फॉन ट्राप हे पहिल्या महायुद्धातले पाणबुडीचे कप्तान. पहिली पत्नी आगाथे हिच्यापासून त्यांना सात मुलं होती : रूपर्ट, आगाथे, मारिया, वेर्नर, हेडविग, योहाना आणि मार्टिना. दुसरी पत्नी मारिया हिच्यापासून तीन : रोझमारी, एलेओनोरे आणि योहानेस. शिवाय फ्रान्झ वास्नर नावाचे एक कॅथलिक धर्मगुरू. या सगळ्यांनी मिळून १९३० च्या दशकाच्या मध्यापासून साधारण वीस वर्षं गायनाचे जाहीर कार्यक्रम केले. सुरुवात ऑस्ट्रियात झाली, पण बहुतेक कारकीर्द अमेरिकेत गेली, आणि तीही स्थलांतरित म्हणून. सिनेमा जिथे संपतो तिथून या लोकांचा खरा धंदा सुरू होतो, हे आधीच सांगून ठेवतो.

२. कॉयर म्हणजे आपलं समूहगीतच ना?

नाही. कॉयर म्हणजे गायनवृंद, आणि त्याचा समूहगीताशी असलेला फरक कळला नाही तर पुढचं काहीच कळणार नाही. आपल्या भजनी मंडळात बुवा ओळ सांगतात आणि सगळे तीच ओळ त्याच चालीत उचलतात. आवाज पन्नास असले तरी चाल एकच. ट्राप कुटुंब जे गात असे त्यात एकाच वेळी चार-पाच वेगवेगळ्या चाली चालतात. बायकांचे वरचे आणि खालचे आवाज म्हणजे सोप्रानो आणि आल्टो, पुरुषांचे टेनर आणि बास. प्रत्येकाची ओळ स्वतंत्र आणि त्या एकमेकींत गुंफलेल्या. एकाचा सूर ढळला की सगळी वीण उसवते. वसईच्या किंवा गोव्याच्या चर्चमध्ये नाताळची मिस्सा ऐकली असेल तर याचा अंदाज येईल. आपल्या बैठकीच्या गाण्यात गवई जागेवर विस्तार करतो, इथे मात्र स्वर आधीच कागदावर बांधलेले असतात. कस लागतो तो दुसऱ्याला ऐकत गाण्यात, आणि तो कस रोजच्या तालमीतूनच येतो.

३. मुलांना गाणं मारियानेच शिकवलं ना? सिनेमात तर त्यांना सा रे ग मसुद्धा येत नसतं.

मुलं मारिया यायच्या आधीपासून गात आणि वाजवत होती. वडिलांना संगीताची आवड होती, ते स्वतः व्हायोलिन वाजवत. करडा, शिटी वाजवून मुलांना रांगेत उभा करणारा बाप हे सिनेमाचं काम. शिटी खरी होती, कारण घर आणि आवार मोठं होतं आणि प्रत्येक मुलाला हाक मारण्यासाठी वेगळी धून ठरलेली होती. पण माणूस प्रेमळ होता. पडद्यावरच्या कप्तानाबद्दल मुलांना पुढे आयुष्यभर वाईट वाटत राहिलं.

मारिया आउगुस्टा कुचेरा १९२६ मध्ये साल्झबर्गच्या नोनबर्ग मठातून आल्या हे खरं. मात्र त्या आल्या एकाच मुलीला शिकवायला. तिचंही नाव मारिया. आजारपणामुळे तिला शाळेत जाववत नव्हतं. गेओर्ग आणि मारिया यांचं लग्न २६ नोव्हेंबर १९२७ ला झालं, म्हणजे नाझी येण्याच्या दहा वर्षं आधी. देश सोडताना थोरला रूपर्ट सव्वीस वर्षांचा डॉक्टर होता. सिनेमातली सोळा वर्षांची थोरली मुलगी वगैरे काही नव्हतं. बाईंचं श्रेय मात्र काढून घेऊ नका. घरातल्या गाण्याला त्यांनी उत्साह दिला, आणि पुढे सगळ्यांना रेटून पुढे नेणारी ताकद त्यांचीच होती. त्यांचा तापटपणाही प्रसिद्ध आहे आणि मुलांनी तो लपवलेला नाही.

४. मग कॉयर घडवला कोणी?

फादर फ्रान्झ वास्नर यांनी. सिनेमात हे गृहस्थ नाहीतच. त्यांच्या जागी पाहुणचार झोडणारा एक गमत्या काका घातला आहे. या सगळ्या प्रकरणातला मला सर्वांत खटकणारा अन्याय हाच.

पैशाची तंगी आल्यावर (प्रश्न ५) ट्राप कुटुंबाने घरातल्या खोल्या भाड्याने दिल्या. घरात प्रार्थनामंदिर होतं, म्हणून धर्मगुरूचीही सोय झाली. १९३५ मध्ये वास्नर तिथे राहायला आले. मुलांचं गाणं त्यांनी ऐकलं आणि चुका दाखवायला सुरुवात केली. गळा चांगला असणं वेगळं आणि पाच ओळी एकमेकींत बसवणं वेगळं. ते वळण त्यांनी लावलं. जुन्या ग्रंथालयांतून सोळाव्या-सतराव्या शतकातल्या रचना शोधायच्या, घरात जे आवाज आहेत त्यांच्या मापाने बेतायच्या, रोज तालीम घ्यायची आणि कार्यक्रमात स्वतः बास गायचा, हे काम त्यांनी वीस वर्षं केलं. १९३८ मध्ये कुटुंबाबरोबर तेही देश सोडून निघाले.

५. एवढं श्रीमंत घर, त्यांना पैशासाठी गायची वेळ कशी आली?

बँक बुडाली. गेओर्ग यांची पहिली पत्नी आगाथे व्हाइटहेड ही टॉर्पेडो तयार करणाऱ्या रॉबर्ट व्हाइटहेड या इंग्रज इंजिनियरची नात. घरातली संपत्ती मुख्यतः तिच्याकडून आलेली आणि लंडनमध्ये सुरक्षित ठेवलेली. १९२२ मध्ये स्कार्लेट फीव्हरने ती वारली. १९३० च्या दशकात मंदी आली. जर्मनीने ऑस्ट्रियाची आर्थिक कोंडी केली, तेव्हा ओळखीतल्या लॅमर बँकेला हात द्यावा म्हणून गेओर्ग यांनी लंडनचा पैसा तिच्यात आणून ठेवला. बँक १९३५ मध्ये बुडाली आणि जवळजवळ सगळं गेलं.

नोकरचाकर कमी केले, भाडेकरू आले. १९३६ मध्ये लोटे लेहमान या मोठ्या ऑपेरा गायिकेने यांचं गाणं ऐकलं आणि साल्झबर्गमधल्या स्पर्धेत उतरायला भाग पाडलं. ते जिंकले. ऑस्ट्रियाचे सरकारप्रमुख चॅन्सलर शुश्निग यांच्यासमोर गायले, १९३७ मध्ये युरोपचा दौरा झाला. गेओर्ग यांना हे फारसं रुचलेलं नव्हतं. सरदार घराण्याने तिकीट लावून गावं हे त्या काळच्या तिथल्या माणसाला किती लागत असेल, हे आपल्याकडे घरंदाज मुलींनी गाण्याबद्दल काय बोललं जात असे ते आठवलं की समजतं. ते स्वतः कार्यक्रमात सहसा गात नसत.

६. ते खरंच डोंगर ओलांडून पळाले का?

साल्झबर्गच्या त्या डोंगरांपलीकडे स्वित्झर्लंड नाही. नकाशा उघडा. पलीकडे जर्मनी आहे, आणि तीही बेर्खटेसगाडेनची बाजू, जिथे हिटलरचं घर होतं. सिनेमातल्या वाटेने गेले असते तर थेट त्याच्या अंगणात उतरले असते.

१९३८ च्या उन्हाळ्यात ते दिवसाढवळ्या आगगाडीने इटलीला गेले. कुठे चाललो हे विचारणाऱ्यांना गाण्याच्या दौऱ्याचं कारण देता येत होतं. इटलीच का, याचं उत्तर गेओर्ग यांच्या जन्मगावात आहे. ते १८८० मध्ये झारा, म्हणजे आजच्या क्रोएशियातल्या झादार इथे जन्मले. त्या वेळी ते ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होतं. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० च्या तहाने ते इटलीकडे गेलं आणि त्यामुळे या कुटुंबाला इटलीचं नागरिकत्व मिळालं. एका साम्राज्याच्या मोडतोडीत हाती आलेला हा कागद त्यांच्या कामी आला. उन्हाळा इटलीतल्या दक्षिण टिरोलमध्ये काढून शरद ऋतूत ते लंडनमार्गे 'अमेरिकन फार्मर' नावाच्या जहाजाने ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कला उतरले.

त्यांचं एगेनचं घर पुढे नाझींनी ताब्यात घेतलं आणि तिथे नाझी पोलीस यंत्रणेचा प्रमुख हाइनरिख हिमलर राहायला आला. युद्धानंतर ते परत मिळालं आणि कुटुंबाने ते एका मिशनरी संस्थेला विकलं.

७. देश सोडायचं नेमकं कारण काय? ते ज्यू होते का?

ज्यू नव्हते, कट्टर कॅथलिक होते. मार्च १९३८ मध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळल्यावर तीन बोलावणी आली. गेओर्ग यांनी जर्मन नौदलात यावं. पहिल्या महायुद्धात 'लेओं गांबेत्ता' ही फ्रेंच युद्धनौका बुडवणारा माणूस जर्मनांना हवाच होता. डॉक्टर रूपर्टने व्हिएन्नातल्या रुग्णालयात जागा घ्यावी. ती जागा रिकामी का झाली हे उघड होतं, ज्यू डॉक्टरांना हाकलून दिलं होतं. आणि तिसरं, कुटुंबाने हिटलरच्या वाढदिवसाला गावं. तिन्हींना नकार दिल्यावर तिथे राहणं शक्य नव्हतं.

तरी एक गोष्ट विसरू नये. यांच्यापुढे हो म्हणण्याचा पर्याय होता आणि नाही म्हटल्यावर गाडीत बसून जाण्याची सोय होती. व्हिएन्नातल्या ज्यू कलावंतांना या दोन्हींतलं काही मिळालं नाही. नकाराची किंमत यांनी दिली, हे मोठंच आहे. पण ही निर्वासितांची प्रातिनिधिक कथा म्हणून सांगितली जाते तेव्हा मी जरा अडखळतो.

८. अमेरिकेत गेल्या गेल्या नाव झालं का?

छे. तालमीतला गायनवृंद आणि तिकीट विकणारा गायनवृंद यांत फार अंतर असतं. १९३८ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये कार्यक्रम झाला आणि समीक्षकांनी वाखाणलं. पण मारियाबाई गरोदर होत्या आणि त्यापायी दौऱ्यातले कार्यक्रम गळाले. धाकटा योहानेस जानेवारी १९३९ मध्ये फिलाडेल्फियात जन्मला. पुढे व्हिसा संपला, मग स्कँडिनेव्हियात जाऊन गाणं आणि परत येणं (प्रश्न ९).

नव्या व्यवस्थापकाने साफ सांगितलं की कार्यक्रम फार जड आहे. लांबलचक धार्मिक रचना, काळे-करडे पोशाख आणि स्टेजवर कोणाच्या चेहऱ्यावर हसू नाही. 'कॉयर' हा शब्द चर्चचा वाटतो म्हणून नावही बदललं. 'ट्राप फॅमिली कॉयर'चं 'ट्राप फॅमिली सिंगर्स' झालं. लोकगीतं वाढली, दोन शब्द बोलून श्रोत्यांशी गप्पा सुरू झाल्या. ऑस्ट्रियातला डिर्न्डल हा पारंपरिक पोशाख तर लोकांना बघायलाच हवा होता. घरी जे रोजचे कपडे होते ते इथे तिकिटाचा भाग झाले. त्यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. बिऱ्हाड बाराजणांचं होतं.

९. एलिस आयलंडवर त्यांना अडकवलं होतं म्हणतात, ते का?

ऑक्टोबर १९३९ मध्ये युरोपातून परतताना. बंदरावरच्या अधिकाऱ्याने किती दिवस राहणार असं विचारलं. हातात होता तात्पुरता व्हिसा. मारियाबाई आनंदाच्या भरात बोलून गेल्या की आता इथून कधीच जायचं नाही. झालं. सगळ्यांना चौकशीसाठी काही दिवस एलिस आयलंडवर, म्हणजे न्यूयॉर्क बंदरातल्या स्थलांतरितांच्या तपासणीच्या बेटावर ठेवलं. ओळखीच्या लोकांनी शब्द टाकल्यावर सुटका झाली. व्हिसाच्या खिडकीसमोर उभं राहिलेल्या आपल्याकडच्या कुणालाही ही चूक समजावून सांगावी लागणार नाही.

१०. कार्यक्रमात ते काय गात? 'एडलवाइस' हे ऑस्ट्रियाचं राष्ट्रगीत किंवा लोकगीत आहे ना?

दोन्ही नाही. ते १९५९ मध्ये ब्रॉडवेच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवरच्या नाटकासाठी अमेरिकेत लिहिलं गेलं, तोवर ट्राप कुटुंबाचं गाणं बंदही झालं होतं. 'डो रे मी'चंही तेच.

त्यांचा खरा कार्यक्रम असा असे : सुरुवातीला पालेस्त्रिना, लासुस, बाख या जुन्या युरोपीय रचनाकारांच्या धार्मिक रचना आणि मॅड्रिगल, म्हणजे अनेक आवाजांत गायची जुनी लौकिक गीतं. मध्ये वाद्यं, म्हणजे रेकॉर्डर ही लाकडी बासरी, स्पिनेट हे छोटं कळवाद्य आणि व्हिओला दा गांबा हे गुडघ्यांत धरून वाजवायचं तंतुवाद्य. ही जुनी वाद्यं तेव्हाच्या अमेरिकन श्रोत्यांना नवलाचीच होती. उत्तरार्धात ऑस्ट्रियन आणि इतर देशांची लोकगीतं, आल्प्समधलं योडलिंग, म्हणजे आवाज झटक्यात वर-खाली नेत गाणं. नाताळाच्या दिवसांत टाउन हॉलचे खास कार्यक्रम होत. त्यात 'श्टिले नाख्ट' (इंग्रजीत 'सायलेंट नाइट') असणारच. ते गीत साल्झबर्गजवळच्या ओबर्नडोर्फमध्ये २४ डिसेंबर १८१८ ला पहिल्यांदा गायलं गेलं, म्हणजे त्यांच्या घरच्या अंगणातलंच.

११. दोन्ही मोठे मुलगे युद्धावर गेले, मग पुरुषांचे आवाज कुठून आणले?

आणलेच नाहीत. रूपर्ट बास आणि वेर्नर टेनर. दोघं अमेरिकी सैन्याच्या दहाव्या माउंटन डिव्हिजनमध्ये भरती झाले. बर्फावर चालणाऱ्यांची ही तुकडी इटलीत लढली. टेनर आणि बास गेल्यावर फादर वास्नर यांनी सगळा संच बायकांच्या आवाजांसाठी पुन्हा लिहून काढला. खालची ओळ काढून घेतली की वरच्या सगळ्या ओळी नव्याने बसवाव्या लागतात, कारण पायाच हललेला असतो (प्रश्न २). दोघेही सुखरूप परत आले.

१२. व्हरमाँटमधलं घर आणि गाण्याचं शिबिर काय प्रकार होता?

आधी काही वर्षं ते फिलाडेल्फियाजवळ मेरियनला, एका संगीतप्रेमी वकिलाने दिलेल्या घरात राहिले. १९४२ मध्ये व्हरमाँट राज्यात स्टो गावाच्या डोंगरावर जुनी शेती घेतली. देखावा साल्झबर्गची आठवण करून देणारा, घर मात्र मोडकळीला आलेलं. ते त्यांनी बरंचसं स्वतःच्या हातांनी बांधलं. दौरे हिवाळ्यात, शेती उन्हाळ्यात.

१९४४ मध्ये जवळच्याच एका रिकाम्या सरकारी छावणीत संगीत शिबिर सुरू झालं. तिथे व्यावसायिक गायक येत नसत. शिक्षक, कारकून, संसारी माणसं सुटी काढून येत, दिवसभर जुन्या रचना गात, रेकॉर्डर शिकत. मला विचाराल तर या कुटुंबाचं अमेरिकेतलं सर्वांत टिकाऊ काम हेच. एका घरात कोंडलेलं गाणं तिथे बाहेरच्या लोकांच्या गळ्यात गेलं.

१३. मायदेशासाठी त्यांनी काही केलं का?

१९४७ च्या सुरुवातीला 'ट्राप फॅमिली ऑस्ट्रियन रिलीफ' ही संस्था काढली. कार्यक्रम संपला की मंचावरूनच आवाहन करायचं आणि श्रोत्यांनी आणलेले डबाबंद पदार्थ, कपडे, बूट गोळा करून ऑस्ट्रियाला पाठवायचे. त्याच वर्षी ३० मे ला गेओर्ग फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले. १९४८ मध्ये मारिया अमेरिकेच्या नागरिक झाल्या. गेओर्ग यांच्या वाट्याला ते आलं नाही.

१४. नावातलं 'फॉन' कधी असतं, कधी नसतं. बरोबर कोणतं?

ऑस्ट्रियाने १९१९ मध्ये कायदा करून सरदारकीच्या पदव्या आणि नावातलं 'फॉन' रद्द केलं. त्यामुळे तिथल्या कायद्याने ते नुसते ट्राप. अमेरिकेत तो कायदा नाही, शिवाय 'बॅरन', 'बॅरोनेस' असं छापलं की जाहिरात उठावदार दिसते. मंचावरचं नाव मात्र कायम 'ट्राप फॅमिली' असंच राहिलं.

१५. शेवटपर्यंत सगळे गाणारे घरचेच होते का?

सुरुवातीपासूनच नव्हते, कारण वास्नर घरचे नव्हते (प्रश्न ४). पुढे मुलांची लग्नं झाली, काहीजण बाहेर पडले. १९५१ मध्ये मार्टिना बाळंतपणात वारली. १९५० च्या दशकात बाहेरचे पगारी गायक घ्यावे लागले. नाव कुटुंबाचंच, पोशाखही तेच. वीस वर्षं एका बसमधून फिरणारी वयात आलेली भावंडं आता आपापला संसार मागत होती, आणि त्यांनी तो मागायला तसा उशीरच केला होता.

१६. सिनेमाने त्यांना कोट्यधीश केलं असेल?

सिनेमाने कोट्यवधी मिळवले, त्यांनी नाही. मारियाबाईंचं आत्मकथन १९४९ मध्ये आलं. त्याचे हक्क त्यांनी जर्मन निर्मात्यांना अवघ्या ९,००० डॉलरला, पुढच्या नफ्यात वाटा न ठेवता विकले. त्यावर १९५६ आणि १९५८ मध्ये दोन जर्मन चित्रपट आले आणि गाजले. १९५९ चं ब्रॉडवे नाटक आणि १९६५ चा हॉलिवूडपट तिथून निघाले. नंतर रॉयल्टीचा अगदी बारीकसा वाटा मिळाला तेवढाच. गंमत म्हणजे ऑस्ट्रियात तो सिनेमा चालला नाही. साल्झबर्गला पर्यटकांनी विचारायला सुरुवात केल्यावर स्थानिकांना त्याची दखल घ्यावी लागली.

१७. परदेशात गेलेला ऑस्ट्रियन गायनवृंद म्हणून हेच पहिले आणि एकटेच का?

पहिले नक्कीच नाहीत. शंभर वर्षं आधी ऑस्ट्रियाच्या टिरोल भागातल्या त्सिलर खोऱ्यातलं राइनर कुटुंब असंच पारंपरिक पोशाखात अमेरिकाभर गात फिरलं. १८३९ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कला 'श्टिले नाख्ट' गायल्याची नोंद सांगतात. त्यांना ऐकून अमेरिकेतली घराणीही कुटुंबवृंद काढू लागली. ट्राप कुटुंबासाठी वाट अशी आधीच मळलेली होती.

एकटेही नाहीत. १९३९ मध्ये व्हिएन्नाचा मोझार्ट बॉइज कॉयर ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर असताना महायुद्ध सुरू झालं. मुलं पर्थमध्ये अडकली. मेलबर्नचे आर्चबिशप डॅनियल मॅनिक्स यांनी त्यांना ठेवून घेतलं, कॅथलिक कुटुंबांनी घरं दिली, आणि मुलं सेंट पॅट्रिक कॅथीड्रलमध्ये गाऊ लागली. आईवडील दुसऱ्या टोकाला, मध्ये युद्ध. त्यातला श्टेफान हाग पुढे ऑस्ट्रेलियातला नामवंत ऑपेरा दिग्दर्शक झाला. माझ्या मते सिनेमा खरं तर या मुलांवर व्हायला हवा होता.

आणि पूर्ण गावच हवं असेल तर ब्राझीलमधलं त्रेझे तिलियास पाहा. ऑस्ट्रियाचे माजी कृषिमंत्री आंद्रेआस टालर यांनी १९३३ मध्ये टिरोलच्या शेतकऱ्यांना नेऊन ते वसवलं. तिथे आजही टिरोली गाणं आणि नाच आहे.

१८. गाणं कधी थांबलं, आणि आज त्यातलं काय उरलं आहे?

१९५५ मध्ये ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचा मोठा दौरा झाला आणि त्यानंतर थोड्याच काळात वृंद थांबला. त्या दौऱ्यात भेटलेल्या एका धर्माधिकाऱ्याच्या बोलावण्यावरून काहीजण पापुआ न्यू गिनीत मिशनच्या कामाला गेले. मुलगी मारिया तिथे तीसेक वर्षं राहिली. मूळ सात भावंडांतली ती शेवटची, २०१४ मध्ये वारली. फादर वास्नर अखेर साल्झबर्गला परतले. मारियाबाई १९८७ मध्ये गेल्या, स्टोच्या आवारात गेओर्ग यांच्या शेजारी त्यांना पुरलं.

स्टोच्या घराचं पाहुण्यांसाठीचं निवासस्थान झालं होतं. ते डिसेंबर १९८० मध्ये जळालं. कुटुंबाने पुन्हा बांधलं आणि आज तिथे ऑस्ट्रियन पद्धतीची बिअरही गाळतात. वेर्नरने म्हातारपणी नातवंडांना डोंगरातली लोकगीतं शिकवली. त्यातली चार भावंडं २००१ पासून पंधराएक वर्षं जगभर गात होती. त्यांच्या कार्यक्रमात 'एडलवाइस'ही असे, कारण श्रोते त्याशिवाय उठू देत नसत.